भिंतीवरून उतरवलेला समुद्र

एमिल नोल्डेची चित्रं जर्मन सत्ताधाऱ्यांच्या भिंतीवरून दोनदा उतरली. पहिल्यांदा १९३३ साली. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या सरकारी निवासाची सजावट वास्तुरचनाकार आल्बर्ट श्पेअर करत होता. त्यानं बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनातून नोल्डेची काही जलरंगचित्रं मागून आणली आणि लावली. श्पेअरनं आठवणींत लिहून ठेवलंय की गोबेल्स पतिपत्नी त्या चित्रांवर बेहद्द खूश होते. मग हिटलर घर बघायला आला. त्याला ती आवडली नाहीत, आणि त्याच गोबेल्सला ती एका क्षणात असह्य वाटू लागली. दुसरी वेळ २०१९ च्या एप्रिलमधली. तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांच्या कार्यालयात नोल्डेची दोन तैलचित्रं होती, एक १९३६ मधलं फुटणाऱ्या लाटांचं आणि एक १९१५ मधलं फुलबागेचं. नोल्डे आणि नाझी राजवट या विषयावर बर्लिनमध्ये मोठं प्रदर्शन भरत होतं, त्यासाठी लाटांचं चित्र हवं होतं. मर्केल यांनी ते दिलं, दुसरंही मालक संस्थेकडे परत पाठवलं आणि दोन्ही पुन्हा नकोत असं कळवलं.

एकदा चित्रं पुरेशी जर्मन नाहीत म्हणून उतरली, एकदा चित्रकार नको तितका नाझी होता म्हणून. मधल्या साठ-सत्तर वर्षांत हीच चित्रं छळ सोसलेल्या, सच्च्या, निसर्गवेड्या कलावंताची म्हणून पोस्टकार्डांवर आणि कॅलेंडरांवर झळकत राहिली. त्यात सगळ्यात लाडकी ठरली ती त्याच्या उतारवयातली जलरंगचित्रं: उत्तर समुद्राचा किनारा, सखल पाणथळ रानं, पेटल्यासारखं आभाळ. माझं म्हणणं या चित्रांपुरतं आहे. गेल्या नव्वद वर्षांत त्यांना वेगवेगळ्या लोकांनी साक्षीला उभं केलं, आणि ज्या गोष्टीची साक्ष मागितली ती त्यांना कधीच माहीत नव्हती.

आधी चित्रंच पाहू. या वादात नेमकं तेच राहून जातं.

नोल्डेचं मूळ नाव हान्स एमिल हान्सेन. जन्म १८६७ चा, जर्मन-डॅनिश सीमेवरच्या नोल्डे नावाच्या खेड्यातला. डॅनिश आडाशी लग्न झालं त्या वर्षी, १९०२ मध्ये, त्यानं गावाचं नाव आडनाव म्हणून घेतलं. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये सार्वमत झालं आणि गाव डेन्मार्कमध्ये गेलं. नोल्डेला डॅनिश नागरिकत्व मिळालं. ते त्यानं मरेपर्यंत सोडलं नाही, आणि आपण अस्सल जर्मन आहोत हे सांगणंही सोडलं नाही. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात सीमेच्या दक्षिणेला, झेब्यूल इथल्या एका उंचवट्यावर त्यानं स्वतःच्या आराखड्यानं घर बांधलं. भोवती बाग केली, तिच्या वाटा आडा आणि एमिल यांच्या आद्याक्षरांच्या आकारात आखल्या. १९५६ मध्ये तो तिथेच वारला.

घर उंचवट्यावर असण्याला कारण आहे. हा सगळा प्रदेश समुद्राकडून हिसकावून घेतलेला. मातीचे बांध घालायचे, आतलं खारं पाणी भरती-ओहोटी साधून बाहेर सोडायचं, हळूहळू गवत आणि गुरं येऊ द्यायची. आपल्याकडे गोव्यातल्या खाजण जमिनी ज्यांनी पाहिल्यात, तिथला बांध आणि मानस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक मोजमापाचा आणि उत्तर समुद्राच्या रागाचा. १३६२ आणि १६३४ च्या वादळी भरतींनी इथली गावंच्या गावं गिळली. म्हणून वस्ती माणसांनी रचलेल्या मातीच्या ढिगांवर. बाकी सगळं सपाट. डोळ्याला अडवणारं काही नाही, त्यामुळे आभाळ प्रचंड. पाऊस येताना तासभर आधी दिसतो.

या आभाळाला नोल्डेनं जलरंगात पकडलं ते जपानी कागदावर. हा कागद पाणी पितो. नोल्डे तो आधी भिजवायचा, मग रंगानं गच्च भरलेला कुंचला त्यावर टेकवायचा. जांभळा एका बाजूनं पसरत येतो, नारिंगी दुसऱ्या बाजूनं, आणि जिथे ते भिडतात तिथे काय होईल हे कुंचल्याच्या हातात फारसं उरत नाही. काही वेळा रंग कागदातून आरपार जातो. काही वेळा नोल्डेनं कागद उलटून मागच्या बाजूनंही रंग दिलाय, म्हणजे पुढून बघताना तो आतून उजळल्यासारखा वाटावा. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेच्या वळणावर पोसलेल्या डोळ्याला हा सरळसरळ बिघाड वाटेल. आपल्याकडच्या जलरंगात कागदाचा पांढरा राखायचा, फिक्याकडून गडदाकडे जायचं, एकदा बसलेल्या वॉशला पुन्हा हात लावायचा नाही. चित्रकार हळदणकरांनी रंगवलेल्या, हातात दिवा धरलेल्या स्त्रीच्या चित्रासमोर लोक अवाक होतात ते या संयमामुळे. नोल्डेच्या कागदावर पांढरा औषधालाही सापडत नाही. राखायचं काही नाहीच, सगळं आधीच भिजलंय.

क्षितिज तो फार खाली घेतो. कागदाच्या खालच्या चौथाईत जमिनीचा काळपट निळा पट्टा, त्यात पाण्याची एक चीर, तीत वरच्या ढगाचा पिवळा सांडलेला. एखादं शेतघर, तेही आकारापुरतं, काळ्या ढेकळासारखं. कधी पवनचक्की. वरच्या तीन चौथाईत ढग. त्या ढगांना कडा आहे आणि नाही. बाहेरच्या बाजूला रंग सुकताना गडद रेघ सोडून गेलाय, आतल्या बाजूला तो शेजारच्या रंगात विरघळलाय. अशा कागदासमोर उभं राहिल्यावर कळतं की हा माणूस पाण्याचं चित्र पाण्याकडूनच काढून घेत होता. चाळिशीत, १९०८ च्या हिवाळ्यात, तो उघड्यावर बसून रंगवत असताना कागदावरचं पाणी गोठलं आणि रंगात बर्फाची नक्षी उमटली. ते त्याला इतकं आवडलं की त्यानं ते तसंच ठेवलं. ती तयारी म्हातारपणी पुरी पिकली. वय ऐंशीच्या पुढे गेल्यावर त्यानं तैलरंग सोडले, शेवटचं तैलचित्र १९५१ चं. त्यानंतर उरली ती जलरंगचित्रं. माझ्या मते त्या शतकात हवामान इतक्या थोड्या साधनांत कोणी रंगवलेलं नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, पुढे ती लागेल. नोल्डे आपल्या जलरंगचित्रांवर सहसा तारीख घालत नसे. हे चित्र उतारवयातलं, ते आधीचं, हे बव्हंशी शैलीवरून लावलेले अंदाज असतात.

आता पहिली साक्ष. १९३७ मध्ये नाझींनी जर्मन संग्रहालयांतून ‘अधःपतित’ कला उचलली, त्यात नोल्डेच्या हजाराहून अधिक कलाकृती होत्या. इतक्या दुसऱ्या कुणाच्याच गेल्या नाहीत. म्युनिकच्या कुप्रसिद्ध प्रदर्शनात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचं त्याचं नऊ भागांचं चित्र टवाळीसाठी टांगलं होतं. १९४१ मध्ये त्याला अधिकृत कलावंत संस्थेतून काढलं आणि चित्रकार म्हणून व्यवसाय करायला बंदी घातली. युद्धानंतर गोष्ट तयार झाली ती अशी: म्हाताऱ्या नोल्डेला रंगवायचीच मनाई होती, गेस्टापो घरावर पाळत ठेवून होते, तैलरंगांचा वास पकडला जाईल म्हणून तो लपूनछपून लहान लहान कागदांवर जलरंगात काम करत राहिला. असे तेराशेहून अधिक कागद झेब्यूलला होते. कलासमीक्षक वेर्नर हाफ्टमान यांनी ही गोष्ट पुस्तकातून पक्की केली. झीगफ्रीड लेन्त्सच्या १९६८ च्या ‘जर्मनचा तास’ या कादंबरीत किनाऱ्यावरच्या एका चित्रकारावर पोलीस चित्रबंदी बजावतो. तो चित्रकार म्हणजे नोल्डेच, असं सगळ्या जर्मनीनं मानलं. शाळाशाळांत ती कादंबरी अभ्यासाला लागली. कल्पित आणि चरित्र यांचा तिथेच काला झाला. चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी बॉनच्या कार्यालयात नोल्डेची चित्रं लावली तेव्हा त्यामागे ही सगळी पुण्याई होती.

ते तेराशे कागद बहुतेक माणसांचे, विचित्र जोडप्यांचे, स्वप्नातल्या आकृत्यांचे आहेत. समुद्र आणि पाणथळ रानं ही वेगळी, मोठ्या आकाराची चित्रं. पण लोकांच्या मनात सगळी सरमिसळ झाली. जलरंग म्हणजे छळातले दिवस, आणि किनारा म्हणजे त्या छळातला आसरा. माणसं नसलेलं आभाळ बघून लोकांना वाटलं, हा माणूस त्या काळ्या दिवसांत निसर्गाकडे वळला, म्हणजे राजवटीकडे पाठ फिरवली.

कागदपत्रं निराळं सांगतात. झेब्यूलच्या नोल्डे प्रतिष्ठाननं आपलं दप्तर खुलं केल्यावर बर्नहार्ड फुल्डा आणि आया झोइका या इतिहासकारांनी ते चाळलं, आणि २०१९ चं प्रदर्शन त्यातूनच उभं राहिलं. नोल्डे १९३४ मध्ये नाझी पक्षात गेला. त्याच वर्षी हिटलरला पाठिंबा देणाऱ्या कलावंतांच्या पत्रकावर त्याची सही आहे. १९३३ मध्ये त्यानं माक्स पेखश्टाइन या एके काळच्या सोबत्याबद्दल सरकारी अधिकाऱ्याकडे चुगली केली की तो ज्यू आहे. पेखश्टाइन ज्यू नव्हता, पण त्या वर्षी अशी चुगली म्हणजे काय हे न कळण्याइतका नोल्डे भाबडा नव्हता. ज्यूंना देशाबाहेर नेऊन वसवण्याची एक योजनाही त्यानं मनाशी बांधली होती. १९३८ मध्ये त्यानं गोबेल्सला तक्रार लिहिली, ती हीच की जर्मन कलेतल्या परकीय वर्चस्वाविरुद्ध मी लढलो आणि मलाच ही शिक्षा. १९४१ ची बंदी होती ती विकण्यावर आणि प्रदर्शनांवर. घरात रंगवायला मनाई नव्हती. लपूनछपून काढलेले म्हणून गाजलेल्या कागदांपैकी अनेक त्या बंदीच्या आधीचे निघाले. तारीख नसण्याचा फायदा इथे झाला. आत्मचरित्राच्या १९३४ च्या खंडात ज्यूंविरुद्धचे उतारे होते, युद्धानंतरच्या आवृत्त्यांतून ते साळसूदपणे गळले. ही सारवासारव करणाऱ्यांत पहिला हात खुद्द नोल्डेचा होता. १९४६ मध्ये चौकशी समितीनं त्याला निर्दोष ठरवलं, कारण राजवटीनंच ज्याला नाकारलं तो राजवटीचा कसा असेल? हाफ्टमान स्वतः नाझी पक्षाचे सदस्य होते हेही अलीकडे उघड झालंय. एका गोष्टीत किती जणांची सोय होती बघा. ‘अधःपतित’ ठरवलेल्या कलेला मान देऊन युद्धोत्तर जर्मनी आपली पाटी स्वच्छ करून घेत होता, आणि त्यासाठी हा म्हातारा, त्याची खसखशीची फुलं आणि त्याचं आभाळ फार उपयोगी पडलं.

इथपर्यंत कुणाचं दुमत नसावं. माझा वाद पुढच्या पायरीशी आहे. दप्तर उघडल्यापासून दुसऱ्या प्रकारची साक्ष काढणं सुरू झालंय. कालपर्यंत ज्यांना त्या लाल ढगांत वेदना दिसत होती त्यांना आता तिथेच आगीचा उन्माद दिसतो. कालपर्यंत ओसाड किनारा म्हणजे एकाकी प्रतिकार होता, आता तो म्हणजे नाझींचा रक्त आणि मातीचा पंथ. ही नजर पहिल्या नजरेची सख्खी बहीण आहे. दोघींनाही चित्रातून माणसाचं चारित्र्य वाचता येतं असं वाटतं. भिजलेल्या कागदावर जांभळा आणि नारिंगी कसा भिडला, यातून चुगलखोर ओळखता येत असता तर इतक्या विद्वानांना सत्तर वर्षं का लागली? ते चित्रांतून शोधत बसले असते तर अजूनही सापडलं नसतं. सापडलं ते पत्रांत, कारण माणूस काय करतो हे तिथे लिहिलेलं असतं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला वजनदार वाटतो. चित्रं काहीच सांगत नाहीत असं नाही, काय रंगवायचं थांबवलं तेही सांगतात. नोल्डेचं नाव झालं ते बायबलच्या चित्रांवर. १९३०च्या दशकाच्या मध्यापासून त्याच्या कामातून ते विषय जवळजवळ नाहीसे झाले, त्यांच्या जागी वायकिंग आणि योद्धे आले. ज्यू प्रेषित आणि शिष्य रंगवणं गैरसोयीचं झालं होतं. फुलं आणि किनारे मात्र कुणालाच खुपत नव्हते, आणि ते विकले जात. युद्ध संपल्यावर बायबल परत आलं. म्हणजे ते निर्मनुष्य आभाळ ही निवड होती आणि ती सोयीची होती. हे मान्य. पण हे कळतं ते एका चित्रापुढे उभं राहून नाही, वर्षावर्षांची यादी शेजारी ठेवून. म्हणून संग्रहालयांनी नोल्डेचे समुद्र गोदामात टाकावेत असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. लावा, आणि शेजारी त्या काळात तो आणखी काय करत होता आणि काय करायचं थांबला होता ते लिहा. तारीख अंदाजानं लावलेली असेल तर तसं स्पष्ट छापा.

मर्केल यांनी मात्र केलं ते योग्यच होतं. सरकारच्या प्रमुखाची भिंत आणि संग्रहालयाची भिंत एक नव्हे. तिथे लावलेलं चित्र बघण्यासाठी नसतं, छायाचित्रांत मागे दिसण्यासाठी असतं. ती भिंत चित्राचा दाखला म्हणूनच वापर करते, आणि दाखला खोटा निघाला की तो काढावाच लागतो. पुढे काय झालं ते मात्र मजेशीर आहे. रिकाम्या जागी कार्ल श्मिट-रोटलुफ या नोल्डेसारख्याच अभिव्यक्तिवादी चित्रकाराची चित्रं लावायचं घाटत होतं. तोही ‘अधःपतित’ ठरलेला, तोही समुद्रकिनारे रंगवणारा. मग त्याच्याही जुन्या पत्रांत ज्यूंबद्दलचे शेरे असल्याची चर्चा निघाली, आणि तो बेत बारगळला. भिंतीला चारित्र्यवान चित्र हवं असेल तर भिंत मोकळी ठेवणं बरं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता तिसरी साक्ष. ही खुद्द नोल्डेनं काढलेली, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. आपली कला जर्मन आहे, उत्तरेच्या मातीतून आणि रक्तातून आली आहे, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. नाझींशी त्याचं भांडण होतं ते यावरूनच, की तुम्हाला आमच्यातलं जर्मनपण ओळखता येत नाही. पॅरिसचं वळण आणि ज्यू चित्रव्यापारी यांनी जर्मन कला नासवली, ही त्याची खात्री होती. १९१० मध्ये बर्लिन सेसेशन या कलावंत संस्थेनं त्याचं चित्र नाकारलं, त्यावरून तो अध्यक्ष माक्स लीबरमान यांच्याशी भांडला आणि संस्थेतून गेला. लीबरमान ज्यू होते. ही जखम त्यानं जपली, कुरवाळली, आणि तिचा सिद्धांत केला.

सिद्धांताला चित्रांचा आधार कितपत आहे? ज्याला तो आदिम उत्तरेची माती म्हणतो ती माती बांध घालून केलेली. ज्या कागदावर ती उतरली तो जपानी वळणाचा. १९१३-१४ मध्ये एका सरकारी मोहिमेबरोबर तो सैबेरिया, जपान, चीन करत थेट न्यू गिनीपर्यंत जाऊन आला होता आणि वाटेत ढिगानं जलरंगचित्रं केली होती. गावाची सीमा त्याच्या डोळ्यांदेखत सरकली होती. तरी हे सगळं बाजूला ठेवू, कारण त्याच्या सिद्धांताचं खरं उत्तर झेब्यूलला नाही, मुंबईत मिळालं.

नोल्डे ज्या राजवटीच्या दारात मान मिळावा म्हणून ताटकळत होता, त्याच राजवटीपासून पळून काही माणसं १९३०च्या दशकात मुंबईत उतरली. रुडॉल्फ फॉन लायडन शिक्षणानं भूगर्भशास्त्रज्ञ, १९३३ मध्ये आले आणि पुढे टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहू लागले. वॉल्टर लँगहॅमर व्हिएन्नाचे चित्रकार, पत्नी ज्यू, ते त्याच वृत्तपत्रात कलादिग्दर्शक झाले. एमानुएल श्लेसिंगर व्हिएन्नाहूनच आलेले, त्यांनी औषधांचा कारखाना उभा केला आणि कमाईतून चित्रं विकत घेतली. अभिव्यक्तिवादाचा तापलेला रंग या तिघांच्या ओळखीचा होता. लँगहॅमर यांच्याकडे तरुण चित्रकार जमत, युरोपातल्या आधुनिक चित्रांच्या छापील प्रती बघत, त्यांच्यावर वाद घालत. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला तेव्हा त्याला या तिघांचा आधार होता. ग्रुपमधली नावं बघा. सोझा गोव्यातल्या साळगावचे, हुसेन पंढरपूरचे, गाडे विदर्भातले, रझा मंडल्याकडचे. आणि आरा, बाकरे. चाळीसच्या दशकातली रझांची मुंबईची जलरंगचित्रं, पावसाळी रस्त्यांची, ओल्या आकाशांची, ज्यांनी पाहिली असतील त्यांना रंग सैल सोडून देण्याची ती रीत ओळखू येईल. गाडे यांच्या निसर्गचित्रांत तर रंग आधी आणि डोंगर मागून येतो.

यांच्यात उत्तरेचं रक्त कुणाचं होतं? चर्चगेटच्या पावसाला झेब्यूलची माती कुठून मिळाली? ज्या रंगाला नोल्डे वंशाची मालमत्ता समजत होता, तो रंग त्याच्या वंशवाद्यांनी हाकलून दिलेल्या माणसांच्या सामानातून इथवर आला आणि इथल्या पोरांनी तो बिनदिक्कत वापरला. सोझांनी तर तो असा वापरला की खुद्द लीबरमान आणि नोल्डे दोघेही एकाच वेळी दचकले असते.

नोल्डेला यातलं काही कळलं असण्याचा संभव नाही. १९४७ मध्ये तो ऐंशी वर्षांचा होता, आडा आदल्या वर्षी गेली होती, जुन्या छोट्या कागदांवरून तो तैलचित्रं करत होता आणि त्याला हवे असलेले सन्मान एकामागून एक दारात येत होते.